मीठ वर चढतं की गाळ खाली बसतो

भाऊजी, पेटी कापली.

हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असतात तर मी दारातून आत येण्याआधीच तुम्ही तेच विचारलं असतं. कोण आलं, कोण नाही, चहा झाला का, हे सगळं नंतर. आत काय दिसलं तेही सांगणार आहे, पण क्रमाने. थर वाचायचे तर तळापासून वाचावेत, हे तुमचंच म्हणणं. शिवाय हे वाचनालयाच्या अंकात छापून येणार आहे आणि वाचणाऱ्या सगळ्यांना आपली पेटी माहीत नाही.

तर तळ असा. तुम्ही माझे धाकटे दीर. इराणच्या आखाताकाठी एका तेल कंपनीच्या पाहणीच्या तुकडीत नकाशे काढायला होतात. लढाई संपली आणि तुम्ही छातीचं दुखणं घेऊन नगरला परत आलात, माळीवाड्यात आमच्याकडे. ट्रंकेत दोन सदरे, कंपासपेटी आणि फडक्यात बांधलेला एक गुलाबी खडा. तो खडा मी कुटून वरणात घातला. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ते मीठ होतं आणि घरातलं मीठ संपलं होतं. तुम्हीही रागावला नाहीत. वरण भुरकून म्हणालात, "वहिनी, हे मीठ डोंगरावरून वाहत खाली आलेलं आहे."

मी म्हटलं, पावसात विरघळून आलं असेल. तुम्ही म्हणालात, छे, कोरडंच. घट्ट पिठल्यासारखं, पण इतकं हळू की माणसाचा जन्म जातो आणि ते हातभर सरकतं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. मीठ खलबत्त्यात फुटतं, वाहत नाही, हे मला रोज दिसतं. तुम्ही म्हणायचात, खलबत्त्यात घाई असते. वर मैलभर गाळाचं ओझं ठेवा, खालून ऊब द्या, लाखो वर्षं थांबा, मग बघा. मी विचारलं, एवढं थांबायला कोण आहे. तुम्ही म्हणालात, समुद्र आहे.

मग तुम्ही मला समुद्राचा काठ समजावून सांगितलात. मी समुद्र एकदाच पाहिलेला, मुंबईला, तोही वरून. तुम्ही खालून सुरुवात केलीत. फार जुन्या काळी एखादा उथळ समुद्र आटतो आणि मिठाचा जाड थर मागे ठेवतो. मग त्यावर पुन्हा पाणी येतं, नद्या येतात, आणि प्रत्येक नदी आपला गाळ किनाऱ्यालगत टाकत राहते. गाळ दाबला जातो, जड होतो. मीठ कितीही दाबलं तरी तेवढंच हलकं राहतं. मग ते जड गाळाखालून निसटायला बघतं. किनाऱ्याकडून खोल समुद्राकडे सरकतं, कुठे उशीसारखं फुगतं, कुठे खांबासारखं उभं राहतं. त्या खांबांच्या मधल्या जागेत जमीन खचते, तिथे मोठमोठी खोरी तयार होतात आणि त्यांत आणखी गाळ साचतो. तेल शोधणारे लोक त्या खोऱ्यांच्या मागे असतात. तुमचे साहेब सांगत की अमेरिकेच्या दक्षिणेच्या आखातातही असंच आहे. आणि इराणात तर मिठाने वरचे सगळे थर फोडले आहेत. गुलाबी-पांढरे डोंगर उघड्यावर उभे, पोटात काळ्या दगडांच्या शिळा घेऊन वर आलेले.

हे सांगताना तुम्हाला धाप लागायची. मी म्हणायची, बाकीचं उद्या. तुम्ही म्हणायचात, उद्या पुढचं आहे.

पण तुमच्या मनातली खरी सल मला पुष्कळ उशिरा कळली. एकदा मी वह्या तपासत होते आणि तुम्ही खाटेवरून म्हणालात, "वहिनी, मी सगळी नोकरी न पाहिलेल्या गोष्टी काढण्यात घालवली." भूगर्भवाले साहेब टेबलापाशी भांडायचे. एक म्हणायचा, मिठाचा खांब खाली सरळ जातो. दुसरा म्हणायचा, खाली मान बारीक होते. ज्याचा आवाज मोठा त्याचं तुम्ही काढायचात, तुटक रेघेने, आणि नकाशा वरच्या साहेबाकडे गेला की तिथे ती रेघ पक्की व्हायची. जमिनीखालचं मीठ उभं कापून आत बघितलेलं कुणीच नव्हतं. "मला एकदा खरा छेद बघायचाय," तुम्ही म्हणालात. "लहान का असेना. पण खरा."

एवढंच तुम्हाला हवं होतं. बाकी औषध, पथ्य, डॉक्टर, हे सगळं आम्हाला हवं होतं.

पहिला प्रयत्न काकवीचा. तुमच्या दादांच्या कचेरीतल्या कुणीतरी श्रीरामपूरकडून डबा पाठवला होता. काचेच्या बरणीत काकवी भरली, तिच्यावर एरंडेल ओतलं, झाकण मेणाने बंद केलं आणि बरणी उलटी केली. आता हलकं तेल खाली, जड काकवी वर. थंडीचे दिवस, दोन्ही दाट. बराच वेळ काही झालं नाही. मग तेलाला एका जागी टेंगूळ आलं, मग त्याची मान निघाली, आणि मानेवर छत्रीसारखं डोकं घेऊन ते काकवीतून वर निघालं. तुम्ही लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागलात. इतक्यात दादा आत आले. त्यांनी उलट्या बरणीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही काकवी खायची आहे की बघायची?" उत्तराची वाट न बघता ते हातपाय धुवायला गेले.

दादांचं बोलणं तेवढंच असायचं. तुम्ही दोघे भाऊ एका घरात राहत होतात, पण पंचांग आणि पाणी सोडून तुमचा तिसरा विषय मी ऐकला नाही.

मी मात्र बरणी मान्य केली नाही. म्हटलं, भाऊजी, इथे दोन्ही पातळ आहेत. तुमच्या समुद्राखाली वर वाळू आणि गाळ आहे. वाळू बाजूला होऊन वाट देत नाही, ती बसते. तुम्ही दोन दिवस रुसलात. मग म्हणालात, बरोबर आहे, वर वाळूच पाहिजे. खाली काय घ्यायचं?

केडगावच्या बाजूला पुणे रस्त्यावर डांबराचं काम चाललं होतं. मी शाळा सुटल्यावर डबा घेऊन गेले. तिथे कामावर असलेल्या चंद्राबाईने डबा अर्धा भरून दिला आणि विचारलं, "बाई, घराला लावाय न्हेता का?"

मी म्हटलं, नाही, दीर आजारी आहेत, त्यांच्यासाठी.

ती डब्याकडे बघून म्हणाली, "लई जालीम दवा हाय मग. डागदर नवा आलाय का?"

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली, आणि मग मला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

रॉकेलचा डबा उभा कापून पत्रेवाल्याकडून लांबट पेटी करून घेतली. एका बाजूला खिडकीची काच लांबीने बसवली. तळाला डांबराचा सपाट थर. त्यावर सगळीकडे सीना नदीच्या चाळलेल्या काळ्या वाळूची पातळ चादर. मग रोज संध्याकाळी पेटीच्या एकाच टोकाला वाळूची मूठ. ते टोक म्हणजे नदीचं मुख, दुसरं टोक म्हणजे खोल समुद्र. थर ओळखू यावेत म्हणून वाळूवर खुणेला काय घालायचं, यावर तुम्ही विटकरीचा भुगा म्हणालात. मी म्हटलं, रांगोळी आहे की. दारातली रांगोळी सकाळी, पेटीतली संध्याकाळी. रोज एक काळा थर, एक पांढरी रेघ.

काचेतून दिसेल ही आशा मात्र पहिल्या आठवड्यातच मेली. डांबराने काच आतून बरबटली. आत काय चाललंय हे कळायला एकच मार्ग होता, शेवटी पेटी कापणं.

चैत्राचं ऊन लागलं तसं डांबर मऊ झालं. मग मला मजा वाटायला लागली, हे कबूल करते. जिथे मूठ टाकावी तिथे दुसऱ्या दिवशी खळगा. खळगा भरावा, तो आणखी खचे. ओझ्याने खळगा होत होता आणि खळगा होता म्हणून तिथे आणखी ओझं मावत होतं. नवारीच्या खाटेवर जड माणूस बसला की जसं पोर घरंगळत त्याच्याकडे येतं, तशी वाळू. आणि पलीकडे, वाळूच्या उताराच्या पुढे, जिथे मी काहीच टाकत नव्हते, तिथे वाळूची चादर फाटून डांबराची काळी पाठ वर दिसायला लागली.

तुम्ही म्हणालात, बघा, वर चढलं.

मी म्हटलं, चढलं कशावरून? आपल्या दारापुढचा रस्ता दर दोन-चार वर्षांनी खडी टाकून उंच होतो आणि उंबरठा खाली गेल्यासारखा दिसतो. उंबरठा हलतो का? तुमचं मीठ जागच्या जागी उभं आहे. आजूबाजूचा गाळ खाली बसतोय आणि नवा गाळ त्याच्या भोवती रचला जातोय. खांब वाढला असं आपल्याला वाटतं, एवढंच.

तुम्ही उठून बसलात. "वहिनी, तुमचा उंबरठा कधी रस्ता फोडून गुडघाभर वर आलाय का? मी तो डोंगर पाहिलाय. तो मैदानाच्या वर उभा आहे, भोवती नाही काही रचलेलं."

"मग त्याला दोन्ही बाजूंनी कुणी आवळलं असेल. त्याचं इथे काय? इथे कोण आवळतंय?"

"तुम्ही साहेब व्हायला पाहिजे होतं."

"मग तुम्ही माझं काढलं असतंत. माझा आवाज मोठा आहे."

याच सुमाराला वाचनालयाचे चिटणीस तुम्हाला उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेत बोलाल का विचारायला आले होते. विषय मीठ म्हटल्यावर ते खूश झाले, त्यांना सत्याग्रह वाटला. जमिनीखालचं मीठ म्हटल्यावर थोडे हिरमुसले. पण कबूल झाले. तुम्ही ठरवलंत की पेटी तिथेच, लोकांसमोर कापायची. तुमचा पहिला छेद.

मी त्याला विरोध केला होता, हे तुम्हाला आठवत असेल. डॉक्टर मला दारात थांबवून काय सांगून गेले ते मला माहीत होतं. मी म्हटलं, उद्या सकाळीच कापू. तुम्ही बघून घ्या, व्याख्यानाला दुसरी पेटी करू. तुम्ही म्हणालात, अजून कच्चं आहे, काही कळायचं नाही. मी म्हटलं, कच्चं तर कच्चं, कापायला काय हरकत आहे. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तुम्हाला कळलं मी घाई का करतेय. म्हणालात, "घाईने कापलं तर खलबत्त्यासारखंच होईल, वहिनी."

तेव्हा मी तुमचं ऐकलं. आज बोलते. तुमचं चुकलं. कच्चा छेदही छेदच असतो. तुम्ही कच्चा बघून गेला असतात तर माझ्या हिशेबी ते पुष्कळ होतं.

वैशाखातल्या दुपारी तुम्ही ओसरीवर झोपलात ते उठला नाहीत. पुढचं लिहीत नाही, ते सगळ्या घरांत सारखंच असतं.

सुतक आलं. दारात रांगोळी बंद, म्हणून पेटीतलीही बंद. खरं तर मला पेटीची आठवणच नव्हती. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचं करण्यात दिवस जात होते. दादा नेहमीसारखे गप्प. नदीवर जायचे, यायचे, ओसरीवर बसायचे. सुतक फिटल्यावर मी पेटीवरचं गोणपाट उचललं. खळगा पूर्वी होता तसाच दिसला, जणू इतके दिवस कुणी हात लावला नव्हता. मी पुन्हा संध्याकाळची मूठ सुरू केली. एक गोष्ट तेवढी खटकली. आता खळगा खचत नव्हता. वाळू टाकली तिथे राहायची. मला वाटलं, डांबर आळलं.

मग चिटणीस आले. त्यांनी सौजन्याने विचारलं की व्याख्यानाऐवजी शोकसभा ठेवली तर कसं, दुखवट्याचा ठराव करू, दोघे-तिघे बोलतील.

मी म्हटलं, ठराव नको. पेटी तयार आहे.

"पण बोलणार कोण?"

"मी."

"बाई, विषय शास्त्रीय आहे."

"म्हणूनच म्हणते. वाळू मी घातली आहे."

ते बराच वेळ टोपी हातात फिरवत होते. मी सांगितलं, शोकसभा म्हणजे जमलेले सगळे मान खाली घालून बसणार, आणि मला लोकांना पेटीत बघायला लावायचं आहे. भाऊजी, त्यांनी ऐकलं. तसे ते भले गृहस्थ आहेत.

ठरल्या दिवशी डांबर कडक राहावं म्हणून पेटी ओल्या गोणपाटात गुंडाळली. टांग्यात दादांनी ती मांडीवर घेतली. मी नको म्हटलं, धोतराला डाग पडतील. त्यांनी ऐकलं नाही. वाचनालयात माणसं बेताची होती, पण होती. चार बायकाही मागे उभ्या होत्या. मी वीस-पंचवीस वाक्यांत तुमचा समुद्र सांगितला. शाळेत मुलींना शिकवते तसं, न सजवता. मग वाळू उभी राहावी म्हणून वरून पाणी शिंपडलं, पत्र्याची बाजू उघडली आणि सुरी गरम करून पेटी उभी कापली. लोक टेबलाभोवती गोळा झाले. एकाने कंदील जवळ धरला.

आता ऐका. तळापासून.

समुद्राच्या टोकाला डांबराचा उंचवटा, खाली रुंद, मध्ये किंचित बारीक, वर पुन्हा पसरट. म्हणजे ज्या साहेबाने मान बारीक होते म्हटलं होतं, तो निदान आपल्या पेटीपुरता बरोबर. सगळ्यांत खालच्या पांढऱ्या रेघा उंचवट्यापाशी येऊन त्याच्या खांद्यावर वर वळलेल्या, वळता वळता बारीक झालेल्या. म्हणजे सुरुवातीला तो खरोखर वर चढला, त्यांना उचलून. हे तुमचं. पण त्याच्या वरच्या रेघा सरळ येतात आणि उंचवट्याच्या कुशीला टेकून थांबतात, जशी फरशी भिंतीला येऊन थांबते. तेव्हा तो उभा होता आणि गाळ भोवती रचला जात होता. हे माझं. आपण दोघं एकाच खांबाच्या दोन वयांवर भांडत होतो.

आणि त्याच्याही वर, नदीच्या बाजूला, वाळूचा एक जाड काळा पट्टा. सगळ्या थरांहून जाड, टोकाला खूपच जाड, पुढे निमुळता. त्यात एकही पांढरी रेघ नाही.

मी तो घातलेला नव्हता.

मी मान खाली घालून पेटीवर वाकले. लोकांना वाटलं, तुमची आठवण झाली. तसं नव्हतं, मी थर मोजत होते. रांगोळी नाही म्हणजे सुतकातले दिवस. खळगा मला तसाच दिसला होता, कारण कुणीतरी तो भरत होतं आणि जेवढा भरला तेवढा तो खाली जात होता. आणि त्या पट्ट्याखाली डांबर नव्हतंच. वाळू खचत खचत थेट पत्र्यावर टेकली होती. मधलं सगळं डांबर पिळून पलीकडे निघून गेलं होतं. माझ्या नंतरच्या मुठी खचल्या नाहीत त्या म्हणूनच. डांबर आळलं नव्हतं, संपलं होतं.

हे आपल्या दोघांपैकी कुणीच वर्तवलं नव्हतं, भाऊजी. आपण मीठ कुठे जातं यावर भांडलो. ते संपल्यावर काय होतं, हे विचारलंच नाही.

मी मागे पाहिलं. दादा भिंतीपाशी उभे होते आणि छत्रीच्या मुठीकडे बघत होते.

परतताना टांग्यात मी विचारलं, "सुतकात वाळू कुणी घातली?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "नदीला कुठे सुतक असतं?"

मग म्हणाले, नदीवरून येताना रोज पंच्यात बांधून आणत होतो. मी म्हटलं, मूठभर घालायची असते. ते म्हणाले, "मला प्रमाण कुठे माहीत होतं. तो कधी मला सांगत बसला नाही. मी विचारलं नाही."

मी त्यांच्या धोतरावरचे डाग बघितले. रॉकेलने निघतील, पण रॉकेल रेशनचं.

रात्रीची पानं वाढली. दादांनी भात कालवला आणि हात तसाच ठेवून विचारलं, "आता तिथे खाली डांबर उरलं नाही. मग पुढे नदी वाळू आणत राहिली तर ती बसेल कुठे?"

पंचांग नाही, पाणी नाही. मी सांगितलं, मला माहीत नाही. बहुतेक खोरं पुढे सरकेल, जिकडे डांबर अजून जाड आहे तिकडे. किनाराही मागोमाग सरकत असेल.

"त्याला माहीत असतं?"

"नसतं. पण ते गप्प बसले नसते."

दादांनी मान हलवली. मग म्हणाले, खोरं पुढे सरकेल हे तुझं मला पटत नाही. वाळू आधी मागे साचून डोंगर होईल, आणि मग तो ढासळेल. मी म्हटलं, ढासळला तरी पुढेच जाईल ना. ते म्हणाले, ते वेगळं. मी म्हटलं, वेगळं कसं. भात गार झाला. उद्या ते केडगावच्या रस्त्याला डबा घेऊन जाणार आहेत. चंद्राबाईला काय सांगायचं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.